नांगराखालचे दोन रियाल

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर या राज्यांत, मेटल डिटेक्टर घेऊन जुनी शेते धुंडाळणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. १७७६ पर्यंत हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. त्यामुळे तिथल्या मातीतून अठराव्या शतकातले चांदीचे नाणे निघाले तर ते इंग्लंडच्या राजाचेच असणार, असे कोणालाही वाटेल. निघते ते मात्र बहुधा स्पेनच्या राजाचे. मेक्सिकोच्या टांकसाळीत पाडलेला अर्धा, एक किंवा दोन रियाल. वापरून वापरून गुळगुळीत झालेला, कधी छिन्नीने कापलेला, कधी दोऱ्यात ओवण्यासाठी भोक पाडलेला.

स्पॅनिश चांदी म्हटली की चाचे, बुडालेली जहाजे आणि पुरलेल्या पेट्या डोळ्यांसमोर येतात. कथा-कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की शेतात सापडलेल्या एकुलत्या एका झिजक्या नाण्यालाही आपण खजिन्याचा तुकडा समजू लागतो. ही समजूत आधी दूर करायला हवी. न्यू इंग्लंडच्या शेतातला रियाल बहुतेक वेळा कोणीही पुरलेला नसतो. तो पडलेला असतो. खिळे, मीठ, कापड विकत घेणाऱ्या, नदीपार होण्यासाठी नावाड्याला पैसे देणाऱ्या, सरायखान्यात रात्र काढणाऱ्या सामान्य माणसाच्या खिशातली ती मोड होती. एका साम्राज्याने पाडलेले नाणे दुसऱ्या साम्राज्याच्या वसाहतीत आणि पुढे तिसऱ्याच एका प्रजासत्ताकात रोजचा पैसा म्हणून चालले, हीच या नाण्याची खरी गोष्ट आहे आणि ती मला बुडालेल्या जहाजांहून जास्त मोलाची वाटते.

नाणे हातात घेऊन सुरुवात करू. दोन रियालांचे नाणे व्यासाने आपल्या आजच्या दहा रुपयांच्या नाण्याएवढे, साधारण २७ मिलिमीटर. टांकसाळीतून बाहेर पडताना त्याचे वजन पावणेसात ग्रॅमच्या आसपास असे. एक रियाल त्याच्या निम्म्या वजनाचा, अर्धा रियाल त्याच्याही निम्मा. या कुटुंबातला सगळ्यांत थोरला म्हणजे आठ रियाल. २७ ग्रॅमचे, तळहातावर भार जाणवणारे हे नाणे पेसो या नावाने ओळखले जाई आणि इंग्रजी बोलणारे लोक त्यालाच स्पॅनिश डॉलर म्हणत. शेतात हा थोरला क्वचितच मिळतो. एवढे मोठे नाणे हरवले तर माणूस दिवे लावून शोधतो. अर्धा रियाल गवतात पडला तर चार पावले मागे जाऊन बघतो आणि सोडून देतो. धाकटी नाणी जास्त सापडतात याचे हे साधे कारण आहे.

नाण्यावर राजाचा चेहरा असेल तर ते १७७२ पासूनचे. त्या वर्षापासून अमेरिकेतल्या स्पॅनिश टांकसाळींनी तिसऱ्या कार्लोसचा चेहरा छापायला घेतला. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, भोवती लॅटिनमध्ये राजाचे नाव आणि खाली साल. मागल्या बाजूला मुकुटाखाली स्पेनची ढाल, तिच्या दोन्ही अंगांना दोन खांब आणि ‘स्पेन व इंडीजचा राजा’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. त्याच अक्षरांच्या रांगेत टांकसाळीची खूण आणि कस तपासणाऱ्या पारख्यांची आद्याक्षरे असतात. ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ओ’ असेल तर नाणे मेक्सिको शहराचे. लिमा आणि पोतोसी यांच्या खुणा अनेक अक्षरे एकमेकांत गुंफून केलेल्या. पारख्यांची अक्षरे ही नुसती शोभा नव्हती. चांदी हिणकस निघाली तर जबाब कोणी द्यायचा, हे त्यांवरून ठरत असे.

चेहरा नसेल आणि त्याऐवजी समुद्राच्या लाटांवर दोन गोलार्ध, दोन्ही बाजूंना मुकुटधारी खांब असतील, तर नाणे १७३२ ते १७७१ या काळातले. ते दोन खांब म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरचे हर्क्युलीसचे स्तंभ. जुन्या युरोपच्या कल्पनेत जग तिथे संपत असे. खांबांवर गुंडाळलेल्या पट्टीवर ‘याच्याही पलीकडे’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. स्पेनने समुद्रापलीकडे मिळवलेल्या राज्याचा अभिमान त्या चार बोटांच्या जागेत मावलेला आहे. मानवाने पाडलेल्या सर्वांत देखण्या नाण्यांत मी या खांबवाल्या नाण्याची गणना करतो.

त्याहून जुनी नाणी दिसायला अगदीच निराळी. चांदीच्या लगडीचा तुकडा तोडायचा, वजनात बसेपर्यंत कातरायचा, दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याचा घाव घालायचा. वजन बरोबर आले की काम झाले. आकार वेडावाकडा राहिला तरी चालत असे. त्यामुळे या नाण्यांवर अर्धाच क्रूस, सालाचा एखादा आकडा, ढालीचा कोपरा एवढेच उमटलेले असते. त्यांच्या कडा कोणीही कातरू शके आणि लोक कातरतही असत. १७३२ मध्ये मेक्सिकोत यंत्रावर गोल नाणी पाडण्याची सुरुवात झाली, तेव्हा कडेवरही नक्षी छापली जाऊ लागली. नक्षी तुटलेली दिसली की कोणीतरी चांदी खरवडून घेतली हे समोरच्याला लगेच कळे.

एक फसवणूक मात्र कडेवर दिसत नव्हती आणि ती खुद्द राजाने केली. १७७२ पर्यंत नाण्यात हजार भागांत सुमारे ९१७ भाग शुद्ध चांदी असे. राजाचा चेहरा छापायला लागल्याबरोबर गुप्त हुकमाने हा कस ९०३ वर आणला गेला आणि १७८६ मध्ये आणखी उतरवून ८९६ वर. वजन तेच, आकार तोच, नाव तेच. जगभरच्या सराफांना उशिरा का होईना हे समजले. तरीही नाण्याची पत फारशी ढळली नाही, कारण एवढ्या मोठ्या संख्येने आणि इतके एकसारखे दुसरे नाणे जगात कुठेही पडत नव्हते.

ही चांदी येत कुठून होती, हे पाहिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. आजच्या बोलिव्हियात समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर पोतोसी नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरात १५४५ साली चांदीची शीर सापडली आणि त्या उजाड पठारावर बघता बघता शहर उभे राहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे एक लाख साठ हजारांच्या आसपास लोक राहत होते असे सांगतात. मेक्सिकोत पुढच्याच वर्षी, १५४६ मध्ये, झाकातेकासच्या खाणी हाती लागल्या. वरवरचे श्रीमंत खनिज संपल्यावर हलक्या प्रतीच्या दगडातून चांदी काढायची युक्ती पाचूका इथे बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात बसवली. दगड दळायचा, फरसबंद अंगणात त्याचा चिखल पसरायचा, त्यात मीठ आणि पारा मिसळून तो आठवडेच्या आठवडे तुडवायचा. पारा चांदीला धरून ठेवतो. मग मिश्रण तापवले की पारा वाफ होऊन उडतो आणि चांदी उरते. ती वाफ कोणाच्या छातीत जात होती, हे सांगायला नको. पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात पोतोसीसाठी वेठीची पद्धत पक्की केली. डोंगराळ प्रांतांतल्या मूळनिवासी गावांनी दरवर्षी सुमारे १३,५०० पुरुष खाणीकडे पाठवायचे, असा तो हुकूम. बायकामुलांसह, लामांवर शिधा लादून माणसे महिनोन्महिने चालत येत. कित्येक परत गेले नाहीत. मातीतून निघालेल्या चांदीच्या नाण्याकडे पाहताना ही गावे आठवायला हवीत. नाण्यावर त्यांचे नाव कुठेही नाही.

अठराव्या शतकात पोतोसी मागे पडले आणि मेक्सिको पुढे आला. त्या शतकाच्या अखेरीस मेक्सिको शहराच्या एकट्या टांकसाळीतून वर्षाला दोन कोटींहून जास्त पेसो बाहेर पडत. एवढे पैसे स्पेनमध्ये राहणे शक्यच नव्हते. एक धार अटलांटिकवरून सेव्हिल आणि कादिझला गेली आणि तिथून युद्धांच्या व कर्जांच्या वाटेने युरोपभर पसरली. दुसरी धार दरसाल अकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून मनिलाला आणि तिथून चीनला. चिनी व्यापारी प्रत्येक नाणे वाजवून, तोलून त्यावर आपल्या पेढीचा छोटा ठसा मारत. असे ठसे अंगभर उमटलेले पेसो आजही मिळतात. तिसरी, बरीच लहान धार कॅरिबियन बेटांवरून उत्तरेला वळली. आपले नाणे या तिसऱ्या धारेतले.

इंग्लंडच्या सरकारला वसाहतींत चांदीची नाणी पाठवायची नव्हती आणि वसाहतींनी स्वतः टांकसाळ काढावी हेही मान्य नव्हते. बॉस्टनच्या लोकांनी १६५२ मध्ये स्वतःची टांकसाळ काढून शिलिंग पाडले, पण त्यासाठी वितळवलेली चांदीही मुख्यतः स्पॅनिशच होती. न्यू इंग्लंडचे व्यापारी खारवलेले मासे, लाकूड आणि पीठ घेऊन साखरेच्या बेटांवर जात. बदल्यात मळी, साखर आणि स्पॅनिश नाणी आणत. असा हा परका पैसा तिथल्या बाजाराचा मुख्य पैसा होऊन बसला. १७७५ मध्ये बंडखोर वसाहतींनी युद्धासाठी कागदी नोटा काढल्या, तेव्हा धारकाला स्पॅनिश डॉलर मिळतील असे वचन त्या नोटांवर छापले. १७९२ मध्ये नव्या राष्ट्राने स्वतःचा डॉलर ठरवला तोही बाजारात चालणाऱ्या स्पॅनिश डॉलरमधली चांदी समोर ठेवून. आठ रियालांचा एक डॉलर, म्हणून दोन रियाल म्हणजे पाव डॉलर. आजचे अमेरिकेचे पाव डॉलरचे नाणे त्या हिशेबाचा वारस आहे. न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात भाव डॉलरच्या आठव्या हिश्शांत सांगण्याची चाल तर १९९७ पर्यंत टिकली.

सुट्ट्या पैशांची चणचण इतकी की लोक नाणीच कापत. आठ रियालांचे नाणे छिन्नीने भाकरीच्या चतकोरासारखे चार किंवा आठ तुकड्यांत फोडायचे आणि प्रत्येक तुकडा त्याच्या हिश्शाने चालवायचा. व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या भागात असे कापलेले तुकडे मातीतून वारंवार निघतात. त्यांत एक खास जात आहे. खुद्द स्पेनमध्ये पाडलेले दोन रियाल मेक्सिकोच्या दोन रियालांपेक्षा हलके असत, त्यामुळे अमेरिकेत त्यांचा भाव पाव डॉलरऐवजी एक पंचमांश डॉलर धरला जाई. नावाने तेही दोन रियालच, पण दुकानदार काट्यावर टाकून वेगळा भाव सांगतो. त्या काळच्या गिऱ्हाइकालाही नाण्यांची बरीच माहिती ठेवावी लागत असे.

अमेरिकेची स्वतःची टांकसाळ फिलाडेल्फियात सुरू झाल्यावरही छोटी चांदीची नाणी पुरत नव्हती. परदेशी नाणी कायद्याने चालत राहिली. न्यू ऑर्लीन्समध्ये १८३७ साली निघालेल्या एका वर्तमानपत्राने तर आपले नाव आपल्या किमतीवरून, म्हणजे अर्ध्या रियालाच्या तिथल्या नावावरून, ‘पिकायून’ असे ठेवले. अखेर २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने परदेशी नाण्यांचे कायदेशीर चलन बंद झाले. सरकारने जुनी झिजलेली नाणी गोळा करायला घेतली. पाव डॉलरला चालणाऱ्या दोन रियालांचे वीस सेंट, एका रियालाचे दहा, अर्ध्याचे पाच. त्या वर्षीच्या २५ मे रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीपुढे पिशव्या घेऊन माणसांची रांग लागली आणि रियाल देऊन लोक नवे छोटे सेंट घेऊन गेले. सरकारकडे जमा झालेली चांदी वितळली. जी मातीत पडली होती तेवढीच नाणी म्हणून उरली.

परदेशी नाणी १८५७ पर्यंत चालत राहिल्यामुळे शेतात सापडलेल्या रियालावरचे साल पाहून तो केव्हा हरवला हे सांगता येत नाही. १७८३ साल असलेले नाणे १८४५ मध्येही कोणाच्या खिशात असू शकते. इथे झीज उपयोगी पडते. साल स्पष्ट, राजाच्या केसांच्या बटा मोजता येतील असे नाणे पाडल्यानंतर लवकर हरवले. चेहऱ्याची नुसती सावली उरलेले नाणे साठ-सत्तर वर्षे हातोहात फिरले. हौशी शोधकांना कोरे करकरीत नाणे हवे असते, हे मी समजू शकतो. पण इतिहासाच्या दृष्टीने झिजलेले नाणे जास्त बोलके आहे.

आता यंत्राकडे वळू. मेटल डिटेक्टरच्या गोल तबकडीत तारेची वेटोळी असतात. त्यांतल्या एका वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र शिरते. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह निर्माण होतात. त्यांचे स्वतःचे क्षेत्र दुसरे वेटोळे पकडते. हा प्रतिसाद किती उशिराने येतो यावरून धातूचा अंदाज बांधता येतो. चांदी विजेची सर्वांत उत्तम वाहक, म्हणून तिचा आवाज उंच आणि स्वच्छ. गंजक्या खिळ्याचा घोगरा आणि तुटक. मात्र आकाराचाही परिणाम होतो. अर्धा रियाल इतका लहान आणि पातळ असतो की त्याचा प्रतिसाद पेयाच्या ॲल्युमिनियम डब्याच्या ओढून काढायच्या कडीसारखा येऊ शकतो. ज्याला फक्त उंच आवाजच खणायचे असतात, त्याच्या हातून ही छोटी नाणी सुटतात. नाण्याएवढी वस्तू ही यंत्रे साधारण वीतभर खोलीपर्यंतच नीट ओळखतात. त्याहून खाली नाणे गेले तर ते नांगराने पुन्हा वर येण्याची वाट पाहावी लागते. नाणी खाली जातात कशी, याचे उत्तर चार्ल्स डार्विनने १८८१ च्या आपल्या गांडुळांवरच्या पुस्तकात दिले आहे. गांडुळे खालची माती वर आणून टाकत राहतात आणि वरची वस्तू हळूहळू बुडत जाते.

योगायोग असा की त्याच १८८१ साली माणसाने धातू शोधायच्या यंत्राचा एक गाजलेला प्रयोग केला. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले यंत्र घेऊन धावला. गोळी सापडली नाही. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ केला असे मानतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे हलके यंत्र बनवले आणि १९४२ च्या एल अलामेनच्या लढाईत ते कामी आले. युद्ध संपल्यावर लष्कराची अशी यंत्रे मोडीच्या भावात बाजारात आली. हौशी लोकांचा हा छंद तिथून वाढला.

मोडीतले असेच एक यंत्र फ्लोरिडात किप वॅग्नर या घरबांधणी कंत्राटदाराच्या हाती आले. सेबॅस्टियन गावाजवळच्या किनाऱ्यावर वादळानंतर काळी पडलेली, वेडीवाकडी चांदीची नाणी सापडत असत. हातोड्याने पाडलेले ते जुने रियाल. वॅग्नरच्या लक्षात एक गोष्ट आली: १७१५ नंतरचे साल एकाही नाण्यावर नव्हते. ३१ जुलै १७१५ च्या पहाटे हवानाहून स्पेनला निघालेला चांदीचा ताफा चक्रीवादळात सापडला होता. बारांपैकी अकरा जहाजे फुटली आणि सुमारे हजार माणसे गेली. पण हे घडले ते तिथून बरेच दक्षिणेला, असा समज होता. वॅग्नरचे डॉक्टर मित्र किप केल्सो यांनी ग्रंथालये पालथी घातली, तेव्हा बर्नार्ड रोमन्स याच्या १७७५ च्या पुस्तकातला नकाशा मिळाला. त्यात ताफ्याची जागा सेबॅस्टियन नदीच्या समोरच नोंदवलेली होती. वॅग्नरने किनाऱ्यामागच्या झुडपांत यंत्र फिरवले आणि बुडालेला माल काढायला आलेल्या स्पॅनिश लोकांची छावणी त्याला सापडली. त्या छावणीच्या जागेवर आज एक संग्रहालय आहे.

चाचे या गोष्टीत आहेत, पण छावणीवर चालून आलेले. समुद्रातून काढलेली चांदी तिथे साठवली आहे असे कळताच जमैकाहून आलेल्या हेन्री जेनिंग्सने छावणीच लुटली. चाच्यांच्या कथांना आधार आहे तो असा आणि अशाच जागी. शेतातल्या दोन रियालांना तो लावू नये.

वॅग्नरच्या गोष्टीतला धडा मला नकाशापेक्षा सालांच्या यादीत दिसतो. एकेक नाणे हातात घेऊन त्याने साल पाहिले आणि ते कुठे मिळाले हे ध्यानात ठेवले. ही सवय सगळ्या हौशी शोधकांत असती तर किती बरे झाले असते! यंत्र आणि शास्त्र एकत्र आले की काय होते, हे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर दिसले. तिथे पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांना बरोबर घेतले. प्रत्येक गोळी आणि काडतूस जिथे मिळाले तिथे आधी निशाण रोवले, मोजमाप घेतले, मगच ती वस्तू उचलली. १८७६ मधली लढाई कशी सरकत गेली हे त्या ठिपक्यांनी सांगितले. तेच नाण्यांचे. एका शेतात चार रियाल, शिशाची गोळी, पितळी बक्कल आणि मातीच्या चिलमीचे तुकडे कोणत्या जागी मिळाले हे टिपून ठेवले तर तिथे सरायखाना होता का, नदीचा उतार होता का, जुना रस्ता कुठून जात होता, हे उमगते. तेच रियाल खिशात टाकून घरी नेले आणि जागा विसरली तर हातात उरते नुसती थोडीशी चांदी.

आपल्याकडे असा रियाल का सापडत नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला पडायलाच हवा. कारण ही चांदी आपल्या किनाऱ्यावर भरपूर उतरली. लिस्बनहून निघणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून रियाल गोव्यात येत आणि तिथून पुष्कळसे मकावकडे जात. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला मिरी-कापड घ्यायला रियालच लागत, कारण इंग्लंडच्या मालाला इकडे गिऱ्हाईक नव्हते. राणी एलिझाबेथने १६०० च्या सुमारास रियालांच्याच वजनाची आपली वेगळी नाणी कंपनीसाठी पाडून पाहिली. पूर्वेच्या बाजारांनी ती ओळखली नाहीत आणि तो प्रयोग तिथेच थांबला. स्पॅनिश नाणे मात्र सुरतेच्या सराफाने डोळे मिटून घेतले. घेतले, पण चालू दिले नाही. मुघल राज्यात परकी चांदी टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घ्यायची रीत होती. आठ रियालांच्या एका नाण्याचे दोन रुपयांहून थोडे अधिक होत. बादशहाच्या नावाचा रुपया कसाला जवळजवळ शुद्ध आणि बाजाराला तोच मान्य.

भारतात चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. म्हणून सुरती रुपया असो, पेशवाईतला अंकुशी असो की चांदवडी, त्यांची चांदी कुठून तरी समुद्रावरूनच आलेली असणार. तिच्यात मेक्सिको आणि पोतोसीचा वाटा मोठा. न्यू इंग्लंडमध्ये टांकसाळ टिकली नाही म्हणून रियाल रियालच राहिला आणि मातीत गेला. आपल्याकडे टांकसाळी उत्तम होत्या म्हणून तो वितळला. एखाद्या वाड्याच्या पायात सापडलेल्या रुपयांच्या गाडग्यात वेठीला गेलेल्या त्या डोंगरी गावांची चांदी असू शकते.

शेवटी कायद्याविषयी, कारण हे वाचून कोणाला यंत्र विकत घ्यावेसे वाटले तर ते माहीत असले पाहिजे. अमेरिकेत खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने शोध घेता येतो. पण केंद्र सरकारच्या जमिनीतून शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याखाली ठरावीक शोधांची खबर द्यावी लागते, आणि इतर छोट्या शोधांची नोंद स्वखुशीने करून घेणारी सरकारी व्यवस्थाही आहे. भारतात नियम कडक आहेत. संरक्षित स्थळी खोदणे तर सोडाच, आपल्याच शेतात किंवा घराच्या पायात दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्याचा त्या वस्तूवरचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते.

म्हणून विहीर खणताना, पाया काढताना किंवा नांगरताना जुने नाणे वर आले तर ते राख, चिंच किंवा ब्रशने घासू नका. घासताना मातीतल्या वाळूच्या कणांनी राजाचे नाव आणि साल कायमचे पुसले जाते. साध्या पाण्याने माती सोडवा, जागा आणि खोली कागदावर लिहा, शक्य असल्यास तिथेच फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. सोनाराच्या मुशीत मात्र ते देऊ नका.